कंपोझिशनमध्येच राहू की रेग्युलर जीएसटी घेऊ? ३१ मार्च २०२६ च्या आत ठरवायचंय

जांभा_राजापूर
नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात बांधकामाची लहान कामं घेतो. ग्रामपंचायतीची पाखाडी, साकव, शाळेची संरक्षक भिंत, शिवाय चाकरमान्यांची गावची घरं. जीएसटी नंबर आहे, पण कंपोझिशनमधला. म्हणजे सरसकट ६ टक्के आपल्या खिशातून भरायचे, गिऱ्हाइकाकडून टॅक्स वेगळा घ्यायचा नाही. गेल्या वर्षीची उलाढाल ३८ लाखांच्या आसपास. आजवर तक्रार नव्हती.

आता सगळं एकदम आलंय. हायवेवर गटार आणि पाइप मोऱ्यांचं काम देणारा एक मोठा ठेकेदार म्हणतो, रेग्युलर नंबर (बिलावर टॅक्स वेगळा लावणारा) असेल तरच ये. इकडे सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचा १२ टक्क्यांचा टप्पाच गेला, सरकारी मातीकामही १८ वर गेलं. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय. मेहुणा म्हणतो, "आता तुमचा ८ टक्केवाला हिशेब संपला." म्हणजे उलाढालीच्या ८ टक्के नफा धरून आयकर भरायची सोय. दुसरा सल्ला असा की बायकोच्या नावाने वेगळी फर्म काढ, एक कंपोझिशनमध्ये ठेव, एक रेग्युलर.

आमचे कर सल्लागार सध्या फोन उचलत नाहीत, मार्च आहे. तुमच्यापैकी कोणी हा बदल केलाय का? केला तर पस्तावलात का?

वेंगुर्ल्याचो_बाबल्या
माका इतक्याच समाजता. सा टक्के म्हणजे सुको बांगडो, अठरा टक्के म्हणजे ताजी सुरमई. पोट दोगांनीव भरता, पण सुरमयेक गिराईक वेगळा.

चिरेबंदी
बाबल्या, सकाळी सकाळी भूक लावलीस.

जांभा, मी लांज्यात हेच करतो. २०२२ मध्ये रेग्युलर झालो. तेव्हा १८ जुलैपासून सरकारी कामांचा दर १२ चा १८ झाला होता. माझी दोन कामं १२ धरून घेतलेली होती आणि वरचे ६ टक्के कोण देणार यावर कार्यालयात नुसत्या फेऱ्या. माझा एकच सल्ला: निविदेत जीएसटी धरून रक्कम आहे की जीएसटी वेगळा मिळणार आहे, ती ओळ आधी वाचा. बाकी सगळं नंतर.

हिशेबनीस_चिपळूण
नुसत्या अनुभवांनी हे ठरणार नाही, आकडे मांडा. समजा टॅक्स सोडून २० लाखांचं घर आहे. त्यात तुमची मजुरी, डिझेल, नफा आला. सिमेंट ३ लाख, सळई अडीच लाख, फिटिंग वगैरे दीड लाख, वाळू-खडी २ लाख. सिमेंट सप्टेंबरमध्ये २८ चं १८ झालं, सळई आधीपासून १८, वाळू-खडी ५. म्हणजे मालावर भरलेला जीएसटी ५४ हजार + ४५ हजार + २७ हजार + १० हजार = १ लाख ३६ हजार.

रेग्युलर असाल तर बिल २३ लाख ६० हजार. गिऱ्हाइकाकडून ३ लाख ६० हजार घेता, १ लाख ३६ हजार वजा करून २ लाख २४ हजार सरकारला भरता.

कंपोझिशनमध्ये असाल तर ते १ लाख ३६ हजार परत मिळत नाहीत आणि बिलावर ६ टक्केही जातात. तेवढाच नफा हवा असेल तर बिल साधारण २२ लाख ७२ हजारांचं करावं लागेल.

आता बघा. चाकरमान्याला क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या टॅक्सची वजावट) मिळत नाही, त्याला तुमचं कंपोझिशनचं बिल ८८ हजारांनी स्वस्त. पण हायवेवाला ठेकेदार ३ लाख ६० हजारांचं क्रेडिट घेतो, म्हणून त्याला रेग्युलरवाल्याचं काम २० लाखांत पडतं आणि कंपोझिशनवाल्याचं २२ लाख ७२ हजारांत. तो तुम्हाला का घेईल? त्याचा हट्ट नाही तो, साधा हिशेब आहे.

गुहागरची_वहिनी
हिशेबनीस, हे छापून आमच्या ह्यांच्या उशाला लावते.

चिरेबंदी
हिशेब बरोबर, पण एक राहिलं. चिरा, म्हणजे जांभ्याचा दगड, त्यात धरलाच नाही. आमच्याकडे अर्ध्या खाणींवर पक्कं बिलच मिळत नाही. बिल नाही तर क्रेडिट नाही. कागदावर १ लाख ३६ हजार दिसतात, हातात त्याहून कमी येतात.

हिशेबनीस_चिपळूण
म्हणूनच चिरा धरला नाही!

साधा_माणूस_देवगड
मी उलट बोलणार. कंपोझिशनमध्येच राहा. तीन महिन्यांतून एकदा सीएमपी-०८ फॉर्मने कर भरायचा, वर्षाला एक जीएसटीआर-४ रिटर्न, विषय संपला. रेग्युलर झालात की तुमच्या सिमेंटवाल्याने त्याचं रिटर्न वेळेवर भरलं का, तुमचं बिल पोर्टलवर दिसतंय का, हे तुम्ही बघत बसायचं. मी दोन वर्षं रेग्युलर होतो. एका दुकानदाराने बिलं दाखवलीच नाहीत, माझं क्रेडिट अडकलं, वर नोटीस मला. कंपोझिशनच्या ५० लाखांच्या मर्यादेत ज्याचं पोट भरतंय त्याने डोक्याला ताप का करून घ्यावा? हायवेची कामं आज आहेत, उद्या नाहीत.

कातळावरून
असहमत. पोट भरतंय ते मजुरीचे दर आहेत तोवर. आज गवंडी काय मागतो ते बघा. ३८ लाखांची कामं पुढच्या वर्षी तेवढ्याच चौरस फुटांत ५० लाख होतील, काहीही वाढ न करता. आणि मर्यादा ओलांडली तर वर्षाच्या मधेच, त्या दिवसापासून, कंपोझिशन सुटतं. ऐन गणपतीच्या तोंडावर ही धावपळ करण्यापेक्षा १ एप्रिलला आपणहून बाहेर पडलेलं बरं.

टेम्सकाठचा_दापोलीकर
अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. मी इंग्लंडात सॉफ्टवेअरची कंत्राटी कामं करतो. आमच्याकडे आयआर३५ नावाचा नियम एप्रिल २००० पासून आहे. प्रश्न असा: तू स्वतःची कंपनी काढून काम करतोस, पण खरं तर नोकरच आहेस का? असशील तर कर नोकरासारखा भर. पूर्वी हे ज्याचं त्याने ठरवायचं. सरकारी कामांत २०१७ पासून आणि खाजगी मोठ्या-मध्यम कंपन्यांत एप्रिल २०२१ पासून ते काम देणारा ठरवतो. चुकला तर कराचा बोजा त्याच्याच गळ्यात येऊ शकतो, म्हणून बऱ्याच कंपन्यांनी विचारच केला नाही, सरसकट सगळ्यांना आयआर३५ च्या "आत" टाकलं, म्हणजे नोकर ठरवलं.

मग माणसांनी काय केलं? काही जण पगारी नोकरीत गेले. काही जण अंब्रेला कंपनीत, म्हणजे कागदावर नोकरी तिची, काम दुसऱ्याकडे. काहींनी लहान कंपन्यांची कामं धरली, कारण तिथे अजूनही स्वतः ठरवता येतं. काहींनी दर वाढवून मागितला. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या अर्थमंत्र्यांनी हे २०१७ आणि २०२१ चे बदल रद्द करतो म्हणून जाहीर केलं, लोकांनी पेढे वाटले, आणि महिना उलटायच्या आत नव्या अर्थमंत्र्यांनी ती घोषणाच मागे घेतली. आता एप्रिल २०२६ पासून अंब्रेला कंपनीने कर बुडवला तर माणसं पुरवणाऱ्या एजन्सीलाही पकडणार आहेत.

सांगायचं एवढंच की जाहीर झालेल्या बदलावर लगेच उडी मारू नका. मी मारली नाही, वाचलो. माझ्या ओळखीच्यांपैकी ज्यांनी २०२२ मध्ये घाईने कंपनी परत उघडली ते आजही वैतागलेले आहेत.

वेंगुर्ल्याचो_बाबल्या
म्हणजे थंय पण साहेबच ठरवता, तू नोकर काय मालक. आमच्या जांभ्याचा हायवेवालो आणि तुझो गोरो, दोगव एकाच माळेचे मणी.

कुडाळची_सीए
बाबल्याकाका नेमकं बोलले. तिकडे दर्जा ठरवायचा अधिकार कायद्याने काम देणाऱ्याकडे गेला. इकडे कायदा निवड तुम्हालाच देतो, पण व्यवहारात काम देणारा ठरवतो.

आता जांभा यांच्या मूळ प्रश्नाकडे. आधी मेहुण्यांचं. नव्या आयकर कायद्यात कलमांचे नंबर बदललेत. ठरावीक टक्के नफा धरायची जुनी कलमं ४४एडी, ४४एडीए, ४४एई आता कलम ५८ मध्ये एकत्र आली. टीडीएसची, म्हणजे पैसे देतानाच कापायच्या कराची, पगार सोडून बाकी कलमं ३९३ मध्ये गेली. "आकारणी वर्ष" जाऊन "कर वर्ष" आलं. उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरायची सोय संपलेली नाही. मर्यादा २ कोटी, रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी. समजा उलाढालीचे ६० लाख सगळे बँकेतून आले, तर नफा ३ लाख ६० हजार धरला जातो. दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर नव्या पद्धतीत कर शून्य. पण एकदा त्यातून बाहेर पडलात की पुढची पाच वर्षं परत येता येत नाही, हे जुनंच आहे.

दुसरं, बायकोच्या नावाची फर्म. वेगळा पॅन असला म्हणून वेगळा धंदा होत नाही. तीच माणसं, तोच मिक्सर, तेच गिऱ्हाईक आणि बिलं तेवढी दोन, हे तपासणीत टिकत नाही. त्यांना या कामातलं काही येत नसेल आणि भांडवल तुमचं असेल, तर ते उत्पन्न तुमच्याच उत्पन्नात मिळवलं जाऊ शकतं. भागीदारी फर्म केलीत तर आणखी एक: एप्रिल २०२५ पासून भागीदाराला दिलेला पगार, व्याज वर्षाला २० हजारांवर गेलं की फर्मने १० टक्के टीडीएस कापायचा. घरातल्या घरात टीडीएस रिटर्न भरत बसाल.

गुहागरची_वहिनी
सीएताई, एक विचारू? "त्यांना या कामातलं काही येत नसेल" म्हणालात. आमच्याकडे मजुरांचे हजेरी-पगार, मालाचा हिशेब, बँक, सगळं मी बघते. साइटवरही उभी असते. मग फर्म माझ्या नावाने का नको? दर वेळी बायकोचं नाव म्हणजे पळवाट असंच का धरतात?

कुडाळची_सीए
वहिनी, तुमच्या बाबतीत खुशाल काढा. तो खरा धंदा आहे. फक्त ह्यांच्याच साइटवरचं अर्धं बिल तिकडे वळवू नका.

साधा_माणूस_देवगड
वहिनींना अनुमोदन. आमच्या भागात बऱ्याच ठेकेदारांची खरी कचेरी स्वयंपाकघरातच असते.

निवृत्त_बँकवाला
६ टक्के नफ्यावर सगळे खूश दिसतात. मी कर्जाच्या टेबलावर बसलेला माणूस. हाच ठेकेदार उद्या जेसीबीच्या कर्जाला येतो आणि रिटर्नमध्ये उत्पन्न ३ लाख ६० हजार. हप्ता बसतो कुठे? ऐपत दाखला, ठेकेदार नोंदणीचा वरचा वर्ग, सगळीकडे कागदावरचं उत्पन्न आणि उलाढाल बघतात. खरा नफा १२ टक्के असेल तर १२ दाखवा, कायदा अडवत नाही. "किमान" ६ आहे, "कमाल" नाही.

पाखाडी_ते_पाचाड
कोणी बिलं कधी मिळतात त्यावर बोलणार का? दर ६ असो की १८, माझे जलजीवन मिशनचे पैसे अडकलेत. १० लाखांचं बिल निघालं तरी आयकराचा १ टक्का, जीएसटीचा टीडीएस २ टक्के, कामगार कल्याणाचा उपकर १ टक्का, वर सुरक्षा अनामत. टॅक्स मात्र तारखेला. उशीर झाला तर १८ टक्के व्याज. आम्हाला उशिराचं व्याज कोण देतो?

चिरेबंदी
+१. रेग्युलरमध्ये हाच खरा फास आहे. कंपोझिशनमध्ये ६ टक्के अडकतात, रेग्युलरमध्ये क्रेडिट वजा जाऊनही जास्त अडकतात.

कुडाळची_सीए
खरं आहे, आणि याला गोड उत्तर नाही. सरकारी कामात निदान एवढं करा: चालू देयक कशावर निघणार, मोजमाप पुस्तकात नोंद झाल्यावर की अमुक टप्पा पूर्ण झाल्यावर, हे करारात स्पष्ट वाचा. इनव्हॉइसची तारीख त्यावर ठरते. काम झालं, मोजमाप झालं आणि "पैसे आल्यावर इनव्हॉइस करू" म्हणून बसलात तर व्याज अंगावर येऊ शकतं. जीएसटीचा टीडीएस (अडीच लाखांवरच्या करारावर कापतात) मात्र बुडत नाही, तुमच्या कॅश लेजरला (पोर्टलवरच्या रोख खात्यात) येतो. पोर्टलवर तो स्वीकारायला अनेकजण विसरतात.

खाजगी मोठ्या ठेकेदाराच्या बाबतीत एक हत्यार तुमच्या हातात आहे. त्याने इनव्हॉइसच्या तारखेपासून १८० दिवसांत तुमचे पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट त्याला व्याजासकट परत करावं लागतं. हे सौम्य भाषेत आठवण करून देता येतं. कंपोझिशनच्या बिलात त्याला क्रेडिटच नसतं, म्हणून ही आठवणही नसते.

जांभा_राजापूर
खूप आभार. हिशेबनीसांचा हिशेब दोनदा वाचला. १८० दिवसांचं तर माहीतच नव्हतं.

माझी अडचण आता अशी. हायवेचं काम २० ते २५ लाखांचं, चाकरमान्यांची घरं तेवढ्याचीच. रेग्युलर झालो तर घरं महाग होतात, नाही झालो तर हायवे जातं. दोन दगडांवर पाय. घरांत निम्म्या ठिकाणी सिमेंट-सळई मालकच आणून देतो, मी फक्त मजुरी घेतो. त्यावरही आजवर ६ टक्के भरतोय.

कुडाळची_सीए
जांभा, हे आधीच सांगायला हवं होतंत! सगळं उत्तर इथेच आहे.

एका कुटुंबाच्या स्वतंत्र राहत्या घराचं नवं बांधकाम, माल मालकाचा आणि तुमची फक्त मजुरी, यावर जीएसटी माफ आहे. पण सेवांच्या ६ टक्के कंपोझिशनमध्ये कर एकूण पुरवठ्यावर लागतो, माफ कामही त्यात येतं. म्हणून तुम्ही त्या मजुरीवरही ६ टक्के भरताय, आणि भरावेच लागतात. रेग्युलरमध्ये त्याच मजुरीवर शून्य.

म्हणजे तुमच्या बाबतीत रेग्युलर झाल्याने मजुरीची घरं महाग होत नाहीत, उलट ६ टक्क्यांनी स्वस्त होतात. मालासकट घेतलेल्या घरांवर तेवढे १८ लागतील.

हिशेबनीस_चिपळूण
माझ्या हिशेबातला चाकरमानी मालासकट घर देत होता. हा वेगळा निघाला. आता तराजू साफ कलला.

कातळावरून
पण मुंबईत बसलेला मालक माल कसा आणणार? त्याला "चावी द्या" असं काम हवं असतं.

चिरेबंदी
आणतात हो. दुकानदाराला मालकाच्या नावाने बिल करायला सांगायचं, पैसे तो थेट पाठवतो. गाडी आपण उतरवून घेतो. गावोगाव हेच चाललंय. उलट मालकाला दर कळतो, आपल्यावर संशय राहत नाही.

सागरवेळ_मालवण
आमचं तारकर्लीजवळ सहा खोल्यांचं होमस्टेचं काम चाललंय. हे "राहतं घर" धरता येईल का?

कुडाळची_सीए
सहा खोल्या पर्यटकांना द्यायच्या तर ते एका कुटुंबाचं घर नाही. नाही चालणार. तसंच चालू घराची कौलं फेरणं, रंगरंगोटी, गळती काढणं ही दुरुस्ती झाली, त्यालाही माफी नाही. मात्र वर्षानुवर्षं ओसाड पडलेलं, भिंत ढासळलेलं घर पुन्हा राहण्याजोगं करणं यात बसू शकतं. कोकणात बंद घरांची कमी नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं. करारात "फक्त मजुरी" स्पष्ट लिहा आणि मालाची बिलं मालकाच्या नावाचीच हवीत. तुम्ही माल आणून नंतर पैसे वळते केलेत तर सगळं १८ मध्ये जाईल.

साधा_माणूस_देवगड
बरं, मी माझं मत मागे घेत नाही, पण जांभा यांच्यासाठी रेग्युलर ठीक दिसतंय. माझ्याकडे सगळी कामं मालासकट आणि सगळी गिऱ्हाइकं खाजगी. मी ६ वरच.

पाखाडी_ते_पाचाड
आणि ग्रामपंचायतीची कामं? जांभा ती पण करतो ना.

चिरेबंदी
तिथे तर कंपोझिशनवाला सरळ मरतो. अंदाजपत्रकात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर तो टॅक्स इनव्हॉइस देणाऱ्याला मिळतो. तुम्ही "बिल ऑफ सप्लाय" देणार, त्यावर कर लावता येत नाही. मूळ रकमेतून ६ टक्के भरा आणि मालावरचा टॅक्सही सोसा.

जांभा_राजापूर
ठरलं मग. आज रात्री कर सल्लागारांच्या घरीच जातो, फोनची वाट बघत नाही. ताई, शेवटचं एक. गोदामात ८० पोती सिमेंट आणि थोडी सळई पडून आहे. ती कंपोझिशनमध्ये असताना घेतलेली. तिचं क्रेडिट गेलं का?

कुडाळची_सीए
गेलं नाही. कंपोझिशनमधून बाहेर पडण्यासाठी सीएमपी-०४ फॉर्म भरा. रेग्युलर झाल्यावर आदल्या दिवशीच्या साठ्याचं क्रेडिट आयटीसी-०१ फॉर्ममध्ये ३० दिवसांच्या आत मागता येतं. बिल वर्षाच्या आतलं हवं आणि तुमच्या नंबरचं हवं. ३१ मार्चला संध्याकाळी पोती मोजून यादी करा, फोटो काढून ठेवा. मजुरीची माफ कामं आणि करपात्र कामं दोन्ही असतील तर सामाईक खर्चाचं थोडं क्रेडिट उलटवावं लागेल, ते तुमचे सल्लागार बघतील. पुढच्या वर्षी पुन्हा कंपोझिशनमध्ये यायचं झालं तर ३१ मार्च २०२७ च्या आत अर्ज, आणि तेव्हा साठ्यावरचं क्रेडिट परत भरायचं.

वेंगुर्ल्याचो_बाबल्या
जांभ्या, ऐंशी पोती मोजतलस तेवा माका बोलव. चाय तुझी.

सागरवेळ_मालवण
होमस्टेच्या १८ टक्क्यांवर कोणाला काही मार्ग माहीत असेल तर वेगळा धागा काढतो. इथे सीएताईंना अजून त्रास नको.